जावक लिहिली का?

फासे टाकून, एकेक पात्र होऊन कथा खेळायच्या भूमिका-खेळात राक्षस मारणारे पुष्कळ असतात. राक्षस मेल्यावर रिकामी काडतुसं मोजणारा एखादाच. आमच्या खारबावच्या मंडळीत हा मान दादूसचा. आठवडाभर भिवंडीच्या गोदामात मालाची आवक-जावक लिहायची आणि रविवारी ओटीवर पेन्सिल कानाला लावून खेळायला बसायचं, हा त्याचा नेम. समोर चहा, फासे आणि चौकटीची वही. वहीत उभी रेघ मारलेली असते : डावीकडे आवक, उजवीकडे जावक.

खेळ असतो ‘कॉल ऑफ कथुलू’, १९८१ सालापासूनचा. बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये खाडीतून काहीतरी सरपटत आलेलं असतं. आमच्यातला एक ओरडतो, “बंदूक झाडली!” सगळे फाशांकडे बघतात. दादूस वहीकडे बघतो. “काडतूस कुठलं?”

झालं. राक्षस दारात तिष्ठत उभा राहतो. खेळाच्या नियमपुस्तकात बारा बोअरच्या बंदुकीला इजा मोजायला दहा यार्डांपर्यंत चार फासे, वीसपर्यंत दोन, पन्नासपर्यंत एक. दादूसचं म्हणणं, फासे घटतात ते छर्रे पांगतात म्हणून. “एकसंध गोळी भरली तर काय पांगणार, तुझं डोकं?” मग पट्टी निघते, नकाशावरचं अंतर मोजलं जातं. कुणी चुकून विचारलंच की बारा बोअर म्हणजे काय, तर दुसरा चहा ठरलेला. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे पाडा. त्यातल्या एका गोळ्याची जाडी ती नळीची जाडी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक! फक्त चारशे दहा बोअर या हिशेबात बसत नाही, तो इंचाचा भाग आहे. हे सांगताना दादूसचा चेहरा चलन न देता माल उतरवल्यासारखा होतो.

कथा महाराष्ट्रातली असेल तर अमेरिकन काडतूस चालत नाही. “खडकीच्या कारखान्याचं लिही. आणि परवाना? १९५९चा शस्त्र कायदा आहे बाबा. परवान्यावर काडतुसं किती, तेही लिहिलेलं असतं.” तोवर राक्षसालाही जांभई आलेली असते.

या माणसानं बंदूक कधी हातात धरलेली नाही. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात तो पुतण्याकडून पेटवून घेतो आणि स्वतः पायरीवर कानात बोटं घालून उभा राहतो.

वैताग येतो, पण एका रविवारचं सांगतो. त्याच्याच पात्रावर राक्षस चालून आला. दादूसनं वही पाहिली : शिल्लक शून्य. खेळ चालवणाऱ्यालाही दया आली. “असेल रे खिशात एखादं.” आम्हीही माना डोलावल्या. दादूस म्हणाला, “शेवटचं मगाशी याला वाचवताना गेलं. जावक लिहिली आहे.” आणि वर्षभर जपलेलं पात्र त्यानं मुकाट्यानं मरू दिलं. नवं पात्र काढलं, पहिल्या ओळीत लिहिलं : काडतुसं, आठ.

नियम दुसऱ्याला लावणारे गल्लोगल्ली भेटतात. आधी स्वतःला लावणारा क्वचित. तुमच्या खेळात असा कुणी असेल तर त्याला सांभाळा. फक्त सहाला खेळायचं असेल, तर त्याला चारलाच बोलवा.