कॅल्क्युलेटर बंद, आजोबा चालू

स्लाऊ, इंग्लंड
ऑगस्टअखेर

ती. आई आणि बाबांना सा. न.

फोन सोडून पत्र कामून लिहायलीस, असं विचाराल. फोन आता माझा राहिलाच नाही. सुट्टीत रोज सकाळी चिमीच्या गणिताचा तास असतो आणि तेवढा वेळ फोनवर तिचे लातूरचे आजोबा, अण्णा, बसतात. तास संपला की त्यांची सूचना येते, "आता पोरीला झोपू नका देऊ, उजळणी घ्या." मग तुमच्याशी बोलायचं राहूनच जातं.

परीक्षा सप्टेंबरात आहे. तिला इथे इलेव्हन प्लस म्हणतात. तशा सरकारी शाळा सगळ्यांना मोकळ्या आहेत, फीही नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरांची परीक्षा घेऊन मगच आत घेणाऱ्या ग्रामर शाळा साऱ्या इंग्लंडात मिळून १६३ उरल्यात. त्यातल्या चार एकट्या आमच्या गावात, त्यामुळे गल्लोगल्ली क्लास. लग्न ठरताना हे म्हणाले होते, "पोरांना लातूर पॅटर्नपासून लांब वाढवायचं." एवढे सात समुद्र ओलांडून आलो, तर लातूर पॅटर्न आमच्या आधीच हीथ्रोवर उतरून इथे खोली भाड्याने घेऊन बसलेला!

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. आमच्या चिमीला स्वयंपाकघरातल्या स्पीकरला विचारायची सवय, "ऐंशीचे पंधरा टक्के किती?" ह्यांनी त्याचा प्लगच काढला आणि त्या जागी अण्णांना बसवलं. फरक एवढाच, की स्पीकर उत्तर देऊन गप्प बसायचा. अण्णा उत्तर देत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत.

पहिल्याच दिवशी अण्णांना धक्का बसला. इथल्या शाळेत चौथ्या वर्षाला पाढ्यांची सरकारी चाचणी असते. २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, आणि पाढे फक्त बारापर्यंत. अण्णा म्हणाले, "बारापर्यंतच? मग तेरा सत्ते काय शेजाऱ्याला विचारायचे?" योगायोगाने शेजारचे म्हातारे आजोबा तेव्हा कुंपणापाशीच उभे होते. त्यांनी सांगितलं, १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, असा इथला हिशेब होता. त्यामुळे बाराचा पाढा आला नाही तर साधी पावरोटी घेता येत नव्हती. १५ फेब्रुवारी १९७१ ला पौंडाचे सरळ १०० पेन्स झाले आणि ती कटकट गेली. अण्णांनी आपले १६ आणे काढले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तोवर सोळाचा पाढा हाच खरा बटवा. अण्णा मराठीत, ते इंग्रजीत, आणि दुभाष्या कुणीच नाही. तरी शंभराचं चलन आल्यापासून पोरांची डोकी मंद झाली, यावर दोघांचं एकमत झालं.

खरी गंमत अपूर्णांकांची. २४ गुणिले साडेतीन. क्लासात चौकोन आखून, आकडे फोडून, चार ठिकाणी गुणून बेरीज करतात. चिमी चौकोन आखत होती तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "औटकी म्हण की! चोवीस औट चौऱ्याऐंशी." उत्तर बरोबर. पण क्लासच्या वहीत उत्तरापुढे रीत लिहावी लागते. चिमीने प्रामाणिकपणे लिहिलं, "लातूरचे आजोबा ओरडले." बाईंनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली. आता रीतही शिकतेय. औटकीत तीन पट आधी आणि निम्मे मागून, म्हणजे ७२ आणि १२. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी झाली. बाईंच्या मते तिची अपूर्णांकांवर "विलक्षण पकड" आहे. मी कारण सांगितलं नाही.

परवा एक उदाहरण आलं. ६ पौंडांना ७ युरो, तर ८४ पौंडांना किती? अण्णा खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर हाली-कलदार!" आपला मराठवाडा निजामाकडे होता तेव्हा लातुरात हाली शिक्का चालायचा आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचे कलदार रुपये. ७ हाली म्हणजे ६ कलदार. अण्णांचे वडील आडतीवर बसून, सोलापूरच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता हा हिशेब तोंडी करायचे. ८४ मध्ये ६ चौदा वेळा, चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. चिमीने ९८ वर खूण केली आणि विचारलं, "पणजोबांनी पण इलेव्हन प्लस दिली होती?" अण्णा म्हणाले, "रोज द्यायचे, बाळा. नापास झाले असते तर आडत गेली असती."

कोनांचा धडा गंजगोलाईवर झाला. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. सगळे सारख्या अंतरावर धरले तर दोन रस्त्यांमधला कोन किती? चिमीने ३६० चे निम्मे केले, त्याचे निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे: साडेबावीस अंश! पुढे टाकीचं उदाहरण. एक नळ ६ तासांत टाकी भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ? चिमी म्हणाली २ तास. अण्णा म्हणाले, "पण नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, ते दिलंय का?" मग त्यांनी आपलं उदाहरण घातलं. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे, पहिल्या खेपेला १० वाघिणी, मिळून ५ लाख लिटर. एका वाघिणीत किती? पन्नास हजार हे उत्तर तिने पटकन दिलं, पण पाणी रेल्वेने का आणावं लागलं, हे समजून घ्यायला सकाळ गेली. तेव्हापासून दात घासताना नळ बंद असतो. इलेव्हन प्लसमध्ये याला गुण नाहीत.

बाबा, तुम्ही मागे दिलेलं एस.टी.चं उदाहरण मात्र अजून सुटलेलं नाही. नांदेड ते लातूर, लोहा-अहमदपूर-चाकूर मार्गे, अंतर १४० किलोमीटर धरा, वेग ताशी ४०. चिमीने साडेतीन तास लिहून वही मिटलीसुद्धा. तुम्ही नांदेडचे आणि अण्णा लातूरचे, दोघे व्याही मात्र अंतरावरून भांडत विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, इथवर पोचलात. कृपा करून परीक्षेपर्यंत वेग आणि अंतर हा विषय दोघांनी टाळावा.

विनूदादाच्या ओंकारला सांगा, त्याची बहीणही त्याच्याच रांगेत आहे. त्याला शंकरनगरच्या नवोदयसाठी दोन तासांत ८० प्रश्न, त्यात गणिताचे २०, आणि कॅल्क्युलेटर त्यालाही नाही. त्याच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे फोटो पाठव म्हणावं. लसावि-मसावि इथल्या पुस्तकांपेक्षा त्यांत जास्त आहेत.

येणाऱ्या कुणाबरोबर औटकीपर्यंतच्या दोन अंकलिप्या पाठवा. एक चिमीला, एक शेजारच्या आजोबांना. ते दिडकीपर्यंत आलेत. अंकलिपी नांदेडात घेतली, हे अण्णांना कळू देऊ नका. निकाल ऑक्टोबरात. पास झाली तर श्रेय लातूरचं, नाही झाली तर पोरगी आजोळावर गेली, असं इकडे आधीच ठरलंय.

तुमची,
ताई