बावीस कोटी वर्षांचे काका

दस्तुरी नाक्यावर उतरलं की मंडळी आधी घोड्याचा भाव विचारतात. काका आधी दगड उचलतात. असे एक काका प्रत्येक सहलीत असतातच: भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, खिशात भिंग, तोंडात कवळी, बोलणं नागपुरी.

"हा बेसाल्ट, राजेहो. साडेसहा कोटी वर्षं. म्हणजे परवाचाच!" अख्खं माथेरान असं परवावर काढून ते दगड फेकून देतात. "लाव्ह्यात मासा कुठला सापडतो? मासा मालेरीला!"

काकूंना हे पाठ असल्यामुळे त्या एव्हाना मार्केटात चपला बघत असतात. सापडतो तो घोडेवाला.

मालेरी म्हणजे प्राणहिता-गोदावरीचं खोरं, आता तेलंगणात. माती इथल्यासारखीच लाल, साम्य तेवढंच. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून सेराटोडसचे दात जमवले आणि १८५९ मध्ये भूशास्त्रज्ञ ओल्डहॅमने एका जातीला त्यांचं नाव दिलं. मांसल परांचा, फुफ्फुसाने श्वास घेणारा मासा. हाती लागतात ते बहुधा दातच, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे कंगोरेदार. निसर्गशास्त्रज्ञ अगासीने तर युरोपात नुसत्या दातांवरून ही प्रजाती उभी केली. हे सांगताना काकांचा गळा दाटून येतो. तेवढ्यात कुणी चिक्की पुढे केली, की कवळीला जपत ते तुकडा गुपचूप खिशात भिंगाशेजारी टाकतात.

घोडेवाला सगळं ऐकून घेतो. "चवीला कसा होता, साहेब?"

एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारलेला नसतो. काका खुलतात. "अरे, त्याचा भाऊबंद ऑस्ट्रेलियात लोक सॅमन म्हणून जेवत होते! फॉर्स्टर नावाच्या पुढाऱ्याने क्रेफ्टला सांगितलं, असा मासा आहे. क्रेफ्ट म्युझियमवाला, तो कशाला ऐकतो? १८७० ला मासा समोर आला, तेव्हा पेपरात माफी मागावी लागली."

"मग शार्लोट लेकला चला. मासा दिसला तर डबल भाडं, नाही दिसला तर फुकट."

काका रिकिबीत पाय घालतात. फुकटच की! बावीस कोटी वर्षांपूर्वीचा मासा आता कुठला दिसतोय? मग एकाएकी पाय काढून घेतात.

"नको रे बाबा. क्रेफ्टलाही असंच वाटलं होतं. साधं भाडं बोल."