पेढे झाले, घर राहिलं

अहो, इकडे या ना, जास्वंदीच्या बाजूने. तिकडून त्यांच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू जातं. ऐकलंत का? समोरच्या काकूंच्या धाकट्याचा फ्लॅट… राहिला! तोच हो, धायरीचा. पाडव्याला पेढे नव्हते का वाटले? तुम्हाला किती आले? आम्हाला चारच.

तर काय सांगत होते, सॅम्पल फ्लॅट बघून आल्या त्याच दिवशी काकूंचे पडद्यांचे रंगसुद्धा ठरले होते. 60 लाखांचा टू बीएचके. बँकेने 48 लाख सँक्शन केले तर काका म्हणाले, "बँक देतेय म्हणजे झालंच की!" बँकेचं काय जातंय, तिला व्याज हवंय.

त्या रात्री मी नेमकी विरजण मागायला गेले होते. तिथे भलतंच विरजण पडलं! धाकटा आणि सून जेवायला आलेले. सून अकाउंट्समधली, ठाऊकच आहे तुम्हाला. तिने काकूंची दुधाची वही ओढली आणि मागच्या पानावर लिहायला घेतलं. पदरचे 12 लाख. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. रजिस्ट्रेशनचे 30 हजार. बांधकाम चालू, म्हणून 5 टक्के जीएसटी, ते 3 लाख. झाले साडेएकोणीस! आणि धाकट्याकडे होते किती? मोजून बारा. काकांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले. कोणी एफडीचं नाव काढेल म्हणून असेल.

खरी गंमत पुढेच. सून म्हणाली, "फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर ड्यूटीत एक टक्का सूट आहे. 60 हजार वाचतील." अहो, आहेच की बायकांना ती सूट, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की मिळत नाही. बिचारी खरं तेच सांगत होती. पण काकूंचा चेहरा! हातातला डाव तसाच आमटीत. "साठ हजारांसाठी माझ्या मुलाचं नाव उडवायचं?" धाकटा ताटात बघतोय, काका वहीत बघताहेत, आणि मी विरजणाची वाटी धरून… उठावं की बसावं?

बसले.

त्यात बिल्डरच्या ऑफिसातून फोन. ऑफर आज संपतेय, 10 लाख भरून ठेवा, अ‍ॅग्रीमेंट मागाहून करू. सून थंडपणे म्हणाली, "अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही तुम्हाला, रेरा आहे." 60 लाखांचे 10 टक्के म्हणजे 6 लाख, नाही का? पलीकडून फोन ठेवला. मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

हं, तर हप्ता. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं, महिन्याला 41,655. पहिल्या हप्त्यातले 34 हजार नुसतं व्याज, बोला! भाडं सध्या 18 हजार. सून म्हणाली, "घर घेतलंच आहे असं धरू. वरचे 23,655 दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकू. सहा महिने हात लावला नाही, तर घेऊ." मला बाई पटलं. आमच्या वेळी असं कोणी सुचवलं असतं तर ह्यांचे दोन दागिने गहाण… म्हणजे माझेच… जाऊ दे.

पहिला महिना गेला छान. दुसऱ्यात धाकट्याचा नवा फोन. तिसऱ्यात मेहुणीचं लग्न, खातं रिकामं. मग त्यानेच, सुनेने नव्हे हं, त्यानेच काकूंना सांगितलं, "आई, इतक्यात नको." काकू तेव्हापासून पडद्यांचं नाव काढत नाहीत. माझ्याशीही जरा तुटकच असतात.

आता म्हणाल, मला एवढं कसं कळलं? परवाच त्यांनी भाड्याचा करार अकरा महिन्यांनी वाढवला. साक्षीदार म्हणून सही आमच्या ह्यांची आहे.