एकीचे अंतिम अपील

कॅरिबियनमधल्या काही अधीर नागरिकांना चिमुकल्या देशांची घट्ट एकजूट हवी आहे. त्यांनी नेत्यांची दूरदृष्टी ओळखावी. १९५८ साली उभारलेले संघराज्य १९६२ साली आटोपले. इतक्या चटकन अनुभव कोणाला मिळतो? २००५ साली सामायिक न्यायालय त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला थाटले. त्रिनिदादची अंतिम अपिले मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातात. दारात पंगत मांडून यजमानाने खानावळीत जेवावे, याला म्हणतात त्याग! याच न्यायाने कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेचे सचिवालयही जॉर्जटाउनहून लंडनला हलवावे. यातले बहुतेक देश एकाच कचेरीतून चालवण्याचा तिथे दांडगा अनुभव आहे. तोही नागरिकांनी मागणी न करता.