पाणी कुणाच्या दारात?

ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळाने न्यू यॉर्क-न्यू जर्सीची दैना केली. सुमारे ५० अब्ज डॉलरच्या केंद्रीय मदतीचे विधेयक जानेवारीत सिनेटपुढे आले, तेव्हा टेक्सासचे नवेकोरे सिनेटर टेड क्रूझ यांनी 'नाही' म्हटले. दोनतृतीयांश रकमेचा सँडीशी संबंधच नाही, म्हणे. (पडताळणी करणाऱ्यांना हा हिशेब काही जुळला नाही.) असो, तिजोरीची काळजी वाहणारा कुणीतरी हवाच!

मग ऑगस्ट २०१७मध्ये हार्वी वादळ टेक्सासवर धडकले, ह्यूस्टन पाण्याखाली गेले आणि केंद्राचा पैसा एकदम पवित्र झाला. १५ अब्जांच्या मदतीच्या विधेयकात कर्जमर्यादा वाढवण्याचे कलमही कोंबलेले होते. तरी क्रूझ यांचे मत 'हो'. आपला तो बाब्या, हे टेक्सासातही चालते तर. सँडीत पोळलेल्या न्यू यॉर्कचे प्रतिनिधी पीटर किंग यांनी जुन्या मताची आठवण करून देत चिमटा काढला, पण टेक्सासची मदत अडवली नाही.

ती अडवायला टेक्सासचेच चार रिपब्लिकन पुढे आले. प्रतिनिधिगृहात त्यांनी विरोधी मत दिले. काय ही तत्त्वनिष्ठा! ह्यूस्टन त्यांच्यापैकी कुणाच्याच मतदारसंघात नव्हते.