चौक पायी ओलांडण्याचा विक्रम

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकलं. गिनीज बुकात नोंद झाली, वऱ्हाडाची मान उंचावली. आता राजेहो, अकोल्याहून निघा, भर्रकन अमरावतीच्या राजकमल चौकात पोहोचा. तिथं रस्ता पायी ओलांडायचा विक्रम मात्र अजून खुला आहे.

हिशेब काही अवघड नाही. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो. 18 मीटरच्या रस्त्याला त्याला 15 सेकंद लागतात. गुडघे धरून चालणारी म्हातारी तेवढ्यात मध्यावर येते, आणि मध्यावर थांबायला बेट नसतं. डावीकडे वळणाऱ्या गाडीवाल्याला तर सिग्नल आपल्यासाठी नाहीच असं वाटतं. कोपरा ऐसपैस गोल ठेवला की तो वेग कमी न करता वळतो. कोपरा आवळला की झक मारत ब्रेक लावतो. सायकलवाला वाचतो तो त्या ब्रेकवर.

इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा. आपल्याकडे तेवढ्यात रसवंती, डीपी आणि भाऊंच्या वाढदिवसाचा फलक नीट मावतात. पायी चालणारा मावत नाही, कारण तो मतदार असला तरी वर्गणी देत नाही.

कोपरा आवळायला उड्डाणपूल लागत नाही. चुन्याची रेघ मारा, चार ड्रम ठेवा, आठवडाभर पाहा. आणि साहेब, एकदा गाडी बंगल्यावर ठेवून अकोल्याचा टॉवर चौक सायंकाळी सहाला पायी ओलांडा. सोबत आईला घ्या.