पाहुण्यांपुढे गप्प बस!

खरं बोलावं, हे मुलांना आपणच शिकवतो. मग पाहुणे यायच्या आधी कानाशी लागून कोणतं खरं बोलायचं नाही, तेही सांगतो. यातला पहिला धडा मुलांच्या लक्षात राहतो, दुसरा राहत नाही. एवढ्या भांडवलावर पॅरिसच्या गावार्नी या व्यंगचित्रकाराने 1838 च्या सुमाराला 'भयंकर पोरं' ही चित्रमालिका सुरू केली.

मांडणी ठरलेली. सजवलेला दिवाणखाना, शिष्टाचाराने वाकलेला पाहुणा, हसू ओढूनताणून आणलेली आई आणि मधे गोबऱ्या गालांचं निरागस कार्टं. ते काहीतरी बोलून जातं. बाबा तुमच्याबद्दल काय म्हणतात, किंवा बाबा नसताना घरी कोण येतं. चित्राखालची एखादी ओळ, की घराण्याची झाकली मूठ उघडी!

ही पोरं दिवाणखान्यात आली त्याला थोडं सरकारही कारण होतं. दोमिए या दुसऱ्या व्यंगचित्रकाराने राजा लुई-फिलिपला प्रजेचा पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवलं आणि 1832 मध्ये तुरुंगाची हवा खाल्ली. 1835 मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतरच्या सप्टेंबर कायद्यांनी व्यंगचित्र छापण्याआधी परवानगी सक्तीची केली. गावार्नीची पोरं छापणारं 'ल शारिव्हारी' हे दैनिक तर रोज नवं चित्र देणारं. राजवाड्याचं दार बंद झालं तसे चित्रकार शिळाछापाचे दगड घेऊन मध्यमवर्गाच्या घरात शिरले. दार उघडायला पोरं होतीच.

मुलं देवाघरची फुलं, असं म्हणणाऱ्यांनी ही चित्रं जरूर पाहावीत. गावार्नीचं मूल संत नाही, क्रांतिकारकही नाही. कुठलं वाक्य कुठल्या खोलीत बोलायचं, एवढंच त्याला अजून कळलेलं नाही. ते कळलं की मूल मोठं झालं म्हणतात. पुढे 1850 च्या दशकात गावार्नीने 'भयंकर आईबाप' अशीही मालिका काढली. खरं तर क्रम उलटा हवा होता.

तुरुंग गावार्नीनेही पाहिला, पण कर्जापायी, चित्रांपायी नव्हे. चित्रं बघून वर्गणीदार बाप म्हणत असणार, "अगदी शेजारच्यांचं कार्टं!" आणि भिंतीपलीकडे शेजारीही नेमकं तेच. राजाने चित्रात स्वतःला ओळखलं, म्हणून दोमिए आत गेला. बापांनी ओळखलं नाही, म्हणून गावार्नीचं नाव झालं.